दुधाच्या पंपाचं सील

तारीख १४, मंगळवार, दुपार

मी काय टपालपेटी आहे? तू मला लिहितेस, "बाबांना सांग, औषध वेळेवर घ्या." तो मला म्हणतो, "तिला सांग, माझ्या औषधाची काळजी तिने करू नये." तू लिहितेस, "त्यांना विचार, माझी निळी बॅग तिथे राहिलीय का." तो खोलीतूनच ओरडतो, "तिला सांग, आहे." बॅग खाटेखाली, बाप खाटेवर, आणि मी मधे गुडघे धरून उभी. आजीच्या कानात टाकलं की पलीकडे आपोआप पोचतं, असं तुम्हा दोघांना वाटतं. टपालपेटीला निदान रंग तरी देतात वर्षातून एकदा.

हे आधी सांगून टाकलं, नाहीतर मायेच्या भरात राहून जातं. आता रीतीचं.

चि. खटपटी हिस आजीचे आशीर्वाद. तू रागावलीस म्हणून त्यात काही कपात केलेली नाही. मी बरी आहे. वरची कवळी पुन्हा टोचायला लागलीय, त्यामुळे बोलणं कमी केलंय. तुझा बाप म्हणतो, त्याला तसं काही जाणवलेलं नाही.

हे पत्र पोस्टातून येणार नाही. समोरचा टेम्पोवाला तुमच्या गोदीच्या कॅन्टीनला भाजी घालतो, त्याच्या हाती देणार आहे. तुझ्या हातात पडल्याशिवाय फाटकावरून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. फोन का नाही केला, म्हणशील. केला. दिवसभर तुमचे फोन फाटकावरच्या कपाटात कुलपात, आणि सुटताना हातात आला की घरचा नंबर बघून तू उचलत नाहीस. तुला वाटतं पलीकडे तो असेल. तो कधीच नसतो गं. मीच असते.

तेव्हा काम घाईचं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाच. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, मुद्दा बहुतेक पाचवीत शिकवत असावेत.

आपला पंप बिघडला होता. खालच्या टाकीतलं पाणी वर गच्चीवर चढवतो तो, तुझ्या बापाहून थोडाच तरुण. दांड्यापाशी गळायला लागला. फिरत्या दांड्याभोवती एक काळी गुळगुळीत चकती आणि तिच्यामागे रबर असतं, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. त्याला सील म्हणतात. हे मला तूच शिकवलंस, वेणीला रिबीन बांधत होतीस तेव्हा. ते सील गेलं. तुझ्या बापाने वाकून बघितलं आणि जाहीर केलं, "असली सील मागवतो. तोवर कुणी हात लावायचा नाही."

असली म्हणजे ज्या कंपनीचा पंप, त्याच कंपनीचं. ती कंपनी कधीच बंद पडली. तिच्या कारखान्याच्या जागेवर आता फर्निचरचं दुकान आहे. मग मागवलं कुणाकडे, खुर्च्यांकडे? मी रोज विचारायची, "आलं का रे?" तो रोज म्हणायचा, "येईल." आणि मी बादल्या उचलत जिना चढायची. या वयात माझे दंड पैलवानासारखे झालेत. कुणाला दाखवायची सोय नाही, म्हणून तुला लिहून कळवते.

आता त्या जेवणाचं. तुला वाटत असेल, आजी तो विषय काढणार नाही. काढणार. दोघं अर्ध्या ताटावरून उठलात, ताटं मी घासलीत, तेव्हा तो हक्क मला आहे.

तू किती खुशीत आली होतीस! आल्या आल्या खिशातून ते सील काढून बापाच्या ताटाशेजारी ठेवलंस. ज्या बोटीच्या इंजिनरूममध्ये त्याने फिटर म्हणून उमर काढली, तिच्या आग विझवायच्या पंपाला तू ते बसवून घेणार होतीस. तो बोटीचं नाव न घेता नुसतं "माझी बोट" म्हणतो. मला कधी इतक्या प्रेमाने "माझी आई" म्हणाल्याचं आठवत नाही. तो म्हणाला, "हे कुठलं?" तू म्हणालीस, "बाजारातलं. दूध डेअरीच्या पंपांना लावतात." झालं! घास तसाच हातात.

"दुधाच्या पंपाचं सील? लढाऊ जहाजाला? मग तोफेत काय भरणार आहात, लोणी?"

तू समजावत होतीस, हेही मी ऐकलंय. ज्यांनी पूर्वी नौदलासाठी खास माल बनवला ते कारखाने राहिले नाहीत. एकेका चकतीपायी बोट धक्क्याला बांधून पडते, तिच्या बुडाला शेवाळ धरतं. बाजारात तोच माल हजारांनी बनतो आणि बराच चांगला बनतो. तू काही दुकानातून उचलून थेट बसवत नाहीस. खाऱ्या पाण्यात फिरवतेस, तापवतेस, थरथराटात ठेवतेस, फाडून बघतेस, मग होय म्हणतेस. आणि होय म्हटलं की एकाच घाण्यातला सगळा माल उचलून ठेवतेस, कारण बाजारातली कंपनी उद्या आतलं रबर बदलेल आणि तुला सांगायला येणार नाही. मला पटलं होतं. मीही कापड घेताना एकाच ताग्यातलं घेते.

पण तो म्हणाला, "मी असतो तर बसवलं नसतं."

आणि तू म्हणालीस, "तुम्ही असता तर बोट बांधलेलीच राहिली असती."

खरं बोललीस. खोटं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. तो उठला, तू उठलीस, दार इतक्या जोरात लागलं की वरचा दिवा गेला. दिवा मी बदलला. बाजारातलाच आणला, छान लागतो.

तेव्हापासून तो तुझ्या बोटीला "दूधवाली" म्हणतो. आणि रोज संध्याकाळी समुद्राच्या भिंतीपर्यंत चालत जातो. गुडघ्यांसाठी म्हणे. तिथला चहावाला मला सांगतो, "आजी, ते भिंतीवर बसतात नि गोदीकडे बघत राहतात. बोट हलली का, म्हणून मला विचारतात." बोट बघून गुडघे बरे होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मीही गेले असते.

बाकी त्याचं बरं चाललंय. दाढी वाढवलीय. शोभते म्हणतो. शोभत नाही. बटणांचे सदरे कपाटात पडून आहेत, डोक्यातून घालायचे बनियन घालून हिंडतो, शाळकरी पोरासारखा. चहा अर्धाच कप घेतो आणि भरून दिला की माझ्यावरच खेकसतो. म्हातारपणी माणसाला नखरे सुचतात, झालं.

पुढे ऐक.

एके सकाळी माझा संयम बादलीसकट जिन्यावरून खाली गेला. पंपातलं जुनं सील टेम्पोवाल्याकडून काढून घेतलं, रुमालात बांधलं नि बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "आजी, कुठल्या पंपाचं?" म्हटलं, "माझ्या." त्याने मापं घेतली, एक पाकीट काढून दिलं. "मोठ्या कंपनीचं आहे, डोळे मिटून लावा." म्हटलं, "मिटायला आहेत अजून बरेच दिवस, उघडे ठेवून लावते." पाकिटावर तीच तीन लाटांची खूण होती. तुझ्या सीलवर होती ती. मला आनंद झाला. वाटलं, चला, नातीच्या पसंतीचा माल.

घरी आणून त्याच्यापुढे ठेवलं. "बसव."

"मी बाजारातलं बसवत नाही."

"मग मी बसवते. तू तोंडाने सांग. तेवढं तर येतं तुला."

तो स्टूल घेऊन पंपाशी बसला, दोन्ही हात काखेत घालून, थंडी वाजतेय तसा. ऊन मी म्हणत होतं. मी खाली फतकल मारून बसले आणि तो सांगेल तसं करत गेले. "पाना उलटा धरलायस. आता हळू. अगं, कणीक नाहीये ती." जसं तुला शिकवायचा ना, तसंच. मधेच तो म्हणाला, "आता रबराला बोटभर तेल लाव, म्हणजे दांड्यावर सुरकन सरकेल." लावलं. सरकलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा जरा उजेड दिसला.

शेवटचा स्क्रू मला आवळेना. तो म्हणाला, "दे इकडे." काखेतून हात काढला, स्क्रूड्रायव्हर घेतला.

खटपटे, त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. कोंबडी दाणे टिपते तसं इकडून तिकडून टकटक वाजत राहिलं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर तोही हात तसाच. आम्ही दोघं त्या स्क्रूकडे बघत राहिलो. मग त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आई, तिला सांगू नकोस."

तेव्हा कळलं दाढीचं. बटणांचं. अर्ध्या कपाचं. आणि त्या असली सीलचंही. खुर्च्यांकडून ते कधीच यायचं नव्हतं, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

मी तेव्हा मान हलवली होती. ती म्हातारपणाने तशीही हलते, तिला वचन म्हणत नाहीत.

स्क्रू मी आवळला. पंप चालू झाला. थोडेच दिवस. मग पुन्हा गळायला लागला, आधीपेक्षा जास्त. तुझ्या बापाला काय आनंद! घरभर फिरून सांगत होता, "बघ! बघ बाजारातला माल! कळव तिला!" घरात आम्ही दोघंच, तरी शेजारच्या भिंतीला ऐकू जावं असं. म्हटलं, तूच कळव, मी टपालपेटी नाही. सील काढलं तेव्हा रबर फुगून मऊ, बोळक्यात चावलेल्या च्युइंगमसारखं. तो जिंकल्यासारखा बघत होता. मग त्याने पाकीट शोधलं, चष्मा चढवून उलटसुलट केलं. मागे कोपऱ्यात, मुंगीएवढं, तेलाच्या डब्याचं चित्र होतं आणि त्यावर फुली.

त्याने पाकीट खाली ठेवलं.

मला वाटलं, हरला म्हणून ठेवलं. तसं नव्हतं. तो उठून खोलीत गेला नि खण उघडला. त्या दिवशी तू ताटाशेजारी विसरलीस ते सील त्याने खणात ठेवलं होतं, तुझ्या लहानपणच्या त्या पिवळ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरशेजारी. जपून ठेवलंय असं मी म्हणणार नाही, तोही म्हणणार नाही. ठेवलं होतं. ते पेल्यात टाकलं, वर यंत्राचं तेल ओतलं आणि पेला खिडकीत ठेवला. मी म्हटलं, "हे काय नवीन?" म्हणाला, "ती खाऱ्या पाण्यात ठेवते ना, मी तेलात ठेवतो." माझा चांगला पेला. दुसऱ्या दिवशी जाता येता बघत होता, दूध उतू जाईल म्हणून बघावं तसा. तुझं सीलही फुगलं.

आता आला मुद्दा. पाचवीतला.

तो म्हणतो, तू ते कोरडं तपासलं असशील, खाऱ्या पाण्यात तपासलं असशील. तेल लावू नका असं कागदावरही लिहिलं असशील. पण बोटीवर ते बसवणार कोण? इंजिनरूममधली माणसं. त्यांना शिकवलं कुणी? याने. आणि रबर दिसलं की आधी बोटभर तेल, हे त्याने त्यांच्या हातात इतकं मुरवलंय की ते कागद वाचायच्या आधीच हाताचं बोट तेलाच्या डब्यात जाईल. जुन्या सीलांना ते चालायचं, उलट बरं असायचं. तेव्हा आज बसेल, उद्या चालेल, आणि बोट बाहेर समुद्रात असताना फुगेल. आग विझवायचा पंप, आणि तो ऐनवेळी पाणी सोडणार इंजिनरूममध्ये. पुढच्या आठवड्यात बोट चाचणीला बाहेर काढणार असं कालच चहावाल्याला कळलंय, म्हणजे सगळ्यांना कळलंय. आणि अशा वेळी तू काठावर थांबणारी नाहीस. स्वतः होय म्हटलेल्या मालाबरोबर स्वतः जाणारी तू. ही खोड कुणाची, ते मी सांगत नाही. तो खोलीत येरझाऱ्या घालतोय त्याचीच.

काल म्हणाला, "तिला सांग..." आणि थांबला. मी थांबले. म्हटलं, पुढे? म्हणाला, "काही नाही." असं दिवसभरात किती वेळा! तुला फोन लावायचा तर त्याला वाटतं, तू म्हणशील, "बघा, बाजारातल्याला नावं ठेवत होतात, आता तुमचंच तेल नडलं." मी म्हटलं, म्हणू दे की. तुझी जीभ तिला मिळालीय, माझी तुला. कुठे परकी आहे?

चहा करून आले. दोन अर्धे कप.

दुसरं सील आणलं ते सांगायचं राहिलं. या वेळी त्याने साबणाचं पाणी करायला सांगितलं. मी लावलं, मी बसवलं, स्क्रूही मीच आवळले, त्याने नुसतं तोंड चालवलं. बरेच दिवस झाले, एक थेंब नाही. हे लिहितेय तेव्हा वर टाकीत पाणी पडतंय, तो खाली खुर्चीत बसून ऐकतोय. गाणं ऐकावं तसा.

आत्ताच त्याने बघितलं. "काय लिहितेयस एवढं?"

"तुझ्या लेकीला."

"माझं काही लिहू नकोस."

"तुझंच लिहितेय. दुसरं काय आहे या घरात?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "तेलाचं लिहिलंस?"

"लिहिलं."

"नीट लिहिलंस? ग्रीसचंही लिही. त्यांना वाटेल तेल नको म्हणजे ग्रीस चालेल. आणि साबणाचं पाणी म्हणजे पातळ, नाहीतर कपडे धुतल्यासारखं करतील."

"हे बघ," मी म्हटलं, "हा पेन, हा कागद. माझा हात दुखला."

हात काही दुखला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, पेनाकडे बघितलं. म्हणाला, "अक्षर वाचता येणार नाही तिला." म्हटलं, "ती फुटकी यंत्रं वाचते, तुझं अक्षर काय वाचणार नाही?" मग कागद घेऊन खोलीत गेला, दार लावून घेतलं नि बराच वेळ बसला. मी बाहेर उभी होते, गुडघे धरून, पण या वेळी तक्रार नाही.

ही खालची चिठ्ठी त्याची. वाकडी आहे, वर-खाली गेलीय, शाई दोन ठिकाणी सांडलीय. मी गिरवून सरळ केलेली नाही. वाचता आलं नाही तर पुन्हा वाच.

*रबराला तेल नको. ग्रीस नको. साबणाचं पातळ पाणी. बसवताना तू स्वतः उभी राहा. इंजिनरूमच्या पोरांना माझं नाव सांग, कागदावर ऐकणार नाहीत. ऐकलं नाही तर मला फाटकावर बोलाव, मी येतो. आपण बसवलंय दुसरं, गळत नाही. सील चांगलं आहे. माझा हात चुकला. — बाबा*

"आपण" म्हणे. बसवलं मी.

तो फाटकावर यायला तयार आहे, हे लक्षात ठेव. डॉक्टरकडे यायला तयार नाही. फाटकापासून दवाखाना लांब नाही, बाकी तू शहाणी आहेस. आणि तुझी निळी बॅग मी देणार नाही. हवी तर खाटेखाली वाकून स्वतः काढ, खाटेवरच्या माणसाशी बोलून.

टेम्पोवाला भोंगा वाजवतोय. त्याला भाजी सुकेल याची चिंता, मला माझी दोन माणसं सुकतील याची.

तुझी आजी, आजपासून टपालपेटी नाही.

उत्तर मला नको. माझ्या नावाने आलं तर न फोडता त्याच टेम्पोतून परत येईल. आज सुटल्यावर कपाटातून फोन काढ आणि घरी लाव. मी उचलणार नाही, कितीही वेळ वाजला तरी. त्याच्या हातात तो नीट बसायला जरा वेळ लागतो. वाजू दे, ठेवू नकोस. उत्तर त्याला द्यायचं.